टेंबे, गोविंद सदाशिव : पेटीवादनाची कारकीर्द व तिचे मूल्यमापन

टेंबे, गोविंद सदाशिव : (५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५). विख्यात हार्मोनियमवादक, नाट्यसंगीताचे रचनाकार, नट, नाटककार व संगीतविषयक ग्रंथकार. गोविंदराव टेंबे या नावाने ते सर्वत्र परिचित आहेत. मराठी संगीताच्या इतिहासात त्यांची नोंद बहुधा मानापमान नाटकाचे संगीतकार म्हणून घेतली जाते. त्यांच्या कीर्तीचा आरंभ मात्र पेटीवर झाला आणि पुढील बहुतेक कार्याची बीजे त्या पेटीवादनातच आढळतात. ज्या वाद्यातून मींड निघत नाही, त्या वाद्यावर ख्यालगायकीचा विचार कितपत मांडता येईल, हा प्रश्न त्यांच्या कारकीर्दीच्या मुळाशी आहे. या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर काही अंशी वादनात, तर काही अंशी स्वररचनेत व लेखनात सापडते. हे सर्व भाग एकत्र पाहिल्याशिवाय त्यांच्या वादनाचे, तसेच त्यांच्या संगीताचेही, यथार्थ मूल्यमापन होऊ शकत नाही.

वाद्य व त्याच्या मर्यादा : हार्मोनियम हे मूळचे यूरोपीय वाद्य. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या सुमारास, पॅरिस येथील आलेक्सांद्र दबँ याने ते सिद्ध केले. भाता पायाने चालविण्याचे हे वाद्य मिशनरी व इंग्रज अधिकारी यांच्याबरोबर भारतात आले. भारतीय गायक-वादकांची बैठक जमिनीवर असते. तिला सोयीची अशी, एका हाताने भाता हलवून दुसऱ्या हाताने वाजविण्याची पेटी त्या शतकाच्या अखेरच्या चरणात कलकत्त्यात तयार होऊ लागली. तेथील द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या पेढीचे नाव या संदर्भात प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात या वाद्याचा प्रसार झपाट्याने झाला, त्याची कारणे संगीतविषयक होती तशीच सामाजिकही होती. पेटी वरचेवर सुरात लावावी लागत नाही; नवशिक्यालाही तिच्यातून निश्चित स्वर मिळतो; तिचा आवाज नाट्यगृहात दूरवर पोहोचतो. शिवाय सारंगी हे वाद्य कलावंतिणींच्या माडीशी जोडले गेल्यामुळे सुशिक्षित मध्यम वर्गाला ते घरात आणणे प्रशस्त वाटत नसे. पेटीला असा पूर्वेतिहास नव्हता. तिच्या प्रसाराबरोबर सारंगियांचा चरितार्थ हळूहळू संकुचित होत गेला, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

या वाद्याच्या मर्यादा दोन प्रकारच्या आहेत. पहिली स्वरस्थानांची. समविभाजित सप्तकात प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा असतो. त्यामुळे पेटीतील शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या नादातून उमटणारा स्वयंभू गंधार सु. ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा, म्हणजे अर्धस्वराच्या सु. सातव्या भागाचा, फरक तयार कानाला खटकतो. पंचमाच्या बाबतीत हा फरक अवघा सु. दोन सेंटचा असल्याने तो जाणवत नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये मार्गच नसतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, स्वराला हेलकावा देणे, दरबारी कानड्यातील कोमल गंधाराचे आंदोलन दाखविणे, या गोष्टी तिच्यावर प्रत्यक्षात होऊ शकत नाहीत. स्वरस्थानांचा दोष सुरावटीचे पत्ते घासून काही अंशी दूर करता येतो. मींडेचा अभाव मात्र वाद्याच्या रचनेतच आहे. भारतीय रागसंगीतात स्वर हा बिंदूपेक्षा मार्ग अधिक असतो. त्यामुळे पेटीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप येथेच उद्भवतो.

परके वाद्य व परंपरा : परक्या वाद्याने जुन्या संगीतपरंपरेत प्रवेश मिळविण्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. आयर्लंडमधील बँजो हे त्यांपैकी एक होय. पश्चिम आफ्रिकेतील तंतुवाद्यांपासून उद्भवलेले हे वाद्य गुलामांबरोबर अमेरिकेत गेले व १८४० नंतरच्या काळात अमेरिकन गायक-वादकांच्या दौऱ्यांतून आयर्लंडला पोहोचले. बँजोचा नाद आघात होताच विरतो. आयरिश धुनांचा आधार असलेल्या व्हायोलिनचा अखंड स्वर त्याला देता येत नाही. विसाव्या शतकात चार तारांच्या बँजोची जुळणी व्हायोलिनप्रमाणेच पंचमांच्या अंतराने, मात्र एक सप्तक खाली, करण्याची पद्धत रूढ झाली. बार्नी मकेना (१९३९–२०१२) या डब्लिनच्या वादकाने १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘डब्लिनर्स’ या वादकसंचातून ती लोकप्रिय केली. या जुळणीमुळे व्हायोलिनवरील धुना बँजोवर त्याच बोटांनी वाजू लागल्या. स्वर लांबविता येत नाही ही उणीव एकाच स्वरावर तीन झटपट आघात करण्याच्या अलंकाराने भरून निघाली व तो अलंकार पुढे त्या वादनाचे लक्षण ठरला. यावरून असे दिसते की, परके वाद्य परंपरेत सामावते ते प्रस्थापित वाद्याची हुबेहूब नक्कल करून नव्हे. परंपरेचा संग्रह पूर्णपणे आत्मसात करणारा आणि वाद्याच्या उणिवेतून स्वतंत्र अलंकार घडविणारा वादक त्याला लाभावा लागतो. महाराष्ट्रात हार्मोनियमला असा वादक टेंब्यांच्या रूपाने लाभला. आयरिश वादकाने आपले वाद्य व्हायोलिनशी जुळवून घेतले, तर टेंब्यांना ते मानवी कंठाशी जुळवून घ्यावयाचे होते. त्यांचे कार्य त्या मानाने अधिक अवघड होते.

जडणघडण : टेंब्यांचा जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला व त्यांचे सांगीतिक संस्कार कोल्हापुरात झाले. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे त्या काळी मल्लविद्येप्रमाणेच गानविद्येचेही केंद्र बनले होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे तेथील दरबारात होते. गावातील देवल क्लबासारख्या संस्थेत गवयांच्या बैठकी होत आणि जाणकारांची त्यांवर चर्चा चाले. टेंबे हे कोणत्याही घराण्यात जन्मलेले वा गंडा बांधून वर्षानुवर्षे तालीम घेतलेले कलावंत नव्हते. पेटीवरील हात त्यांनी मुख्यतः स्वप्रयत्नाने तयार केला. गायनाची दृष्टी त्यांना मिळाली ती ऐकण्यातून, विशेषतः भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या सहवासातून. भास्करबुवांनी फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्याकडून अनुक्रमे ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन घराण्यांची विद्या संपादन केली होती. अशा गायकाच्या साथीला बसणे हे टेंब्यांच्या दृष्टीने विद्यालयच होते. साथीदाराला गायकाचा पुढचा स्वर कोणता असेल याचा अंदाज सतत बांधावा लागतो. तो अंदाज बरोबर येऊ लागला म्हणजे गायकाची विचारपद्धती उमगू लागली असे समजावे. टेंब्यांची रागदृष्टी या मार्गाने तयार झाली आहे. पिढीजात तालमीने मिळणारी अधिकारवाणी तिला नव्हती, परंतु एकाच घराण्याच्या चौकटीत न अडकण्याचा मोकळेपणा तिला आपोआप लाभला.

वादन : टेंब्यांनी हार्मोनियमला साथीच्या वाद्याच्या पायरीवरून स्वतंत्र वादनाच्या पायरीवर नेले, हे त्यांचे या क्षेत्रातील पहिले कार्य होय. तोपर्यंत पेटी ही गायकाच्या मागून धावणारी, त्याने घेतलेला श्वास भरून काढणारी अशी समजली जाई. केवळ पेटी ऐकण्यासाठी मैफल भरवावी आणि तीत रागाची मांडणी व्हावी, ही कल्पना रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

गायकी अंगाने पेटी वाजविणे याचा अर्थ येथे स्पष्ट करणे इष्ट ठरेल. मींड पेटीवर नसते, पण मींडेचा आभास निर्माण करता येतो. एक पट्टी सुटण्यापूर्वीच दुसरी दाबावी, त्याच क्षणी भात्याचा जोर किंचित कमी करावा, म्हणजे दोन स्वरांमधील तुटकपणा कानाला जाणवत नाही. मुख्य स्वराआधी शेजारच्या पट्टीला ओझरता स्पर्श केला की कणस्वर उमटतो. भात्यावरील ताब्याने एकच स्वर उमलता वा मावळता ठेवता येतो. गवयाच्या आवाजातील लहानमोठेपणाचे काम येथे डावा हात करतो. खर्ज व नर या सुरांच्या मिश्रणातून नादाचा भरीवपणा कमीअधिक करता येतो. या सर्व क्लृप्त्या हाताच्या आहेत आणि अभ्यासाने त्या साध्य होतात. त्यांच्यापलीकडे वादकाची खरी कसोटी निवडीत असते. कोणता राग पेटीला मानवतो, रागातील कोणते वाक्य पट्ट्यांवर आपले रूप टिकवून धरते आणि कोणते तेथे विद्रूप होते, हे ओळखून वादकाला आपली मांडणी करावी लागते.

अल्लादियाखाँच्या गायकीकडे टेंबे आयुष्यभर ओढले गेले, त्याचे स्पष्टीकरणही येथे मिळते. त्या गायकीची दोन अंगे आहेत. एक, अखंड व घुमारदार आकार, ज्यात स्वर एकमेकांत विरघळत जातात. दुसरे, स्वरांची पेचदार गुंफण, ज्यात एक आकृती दुसरीच्या पोटातून निघते व समेवर येईपर्यंत तिचा उलगडा होत नाही. पहिले अंग पेटीच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसरे अंग स्वरांच्या क्रमात असल्यामुळे पट्ट्यांवर उतरू शकते. नव्हे, पेटीवर प्रत्येक स्वर सुटा व रेखीव ऐकू येत असल्याने त्या गुंफणीचा आराखडा तेथे अधिक उघड होतो. पेटीवादकाला ही गायकी बुद्धीने पूर्णपणे कळते व हाताने अर्धीच साधते. टेंब्यांच्या कारकीर्दीतील तणावाचे मूळ या स्थितीत शोधावे लागते. एका बाजूला गायकाच्या रचनाबुद्धीशी बरोबरी करणारी समज, दुसऱ्या बाजूला ती व्यक्त करण्यास अपुरे असलेले वाद्य, अशा अवस्थेत कलावंतापुढे दोन मार्ग उरतात : वाद्य सोडणे, किंवा वाद्यावर सुचलेले संगीत दुसऱ्यांच्या गळ्यातून प्रकट करणे. टेंब्यांनी वाद्य न सोडता दुसरा मार्ग स्वीकारला.

नाट्यसंगीत : कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या मानापमान या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत केला. त्याचे संगीत टेंब्यांचे होते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने रूढ केलेल्या संगीत नाटकात साकी, दिंडी, कीर्तनी चाली, लावणीच्या व कर्नाटकी वळणाच्या चाली यांचा भरणा असे आणि पदांच्या चाली बहुधा नाटककारच योजीत असे. मानापमानापासून चालींसाठी स्वतंत्र संगीतकार नेमण्याची प्रथा दृढ झाली. टेंब्यांनी या नाटकात उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांच्या धर्तीच्या चाली आणल्या. मराठी श्रोत्यांना हे वळण नवे होते. प्रारंभीच्या प्रयोगांत भामिनीची भूमिका बालगंधर्व करीत. त्यांच्या लवचिक व भावपूर्ण आवाजात या चालींना अपूर्व लोकप्रियता लाभली. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र भूमिका केल्या. भिन्न प्रकृतीच्या दोन गायकांना तेच संगीत आपापल्या पद्धतीने खुलविता आले, ही गोष्ट मूळ रचनांच्या सुदृढतेची साक्ष देते.

या चालींची घडण तपासल्यास त्यांमागे पेटीवादकाचा हात स्पष्ट दिसतो. त्यांतील स्वरवाक्ये आटोपशीर असतात. मुखडा चटकन लक्षात राहतो. स्वरांच्या जागा ठाशीव असतात. अंतरा कोठे वळणार हे ऐकणाऱ्याला आधीच सुचविलेले असते. केवळ पट्ट्यांवर वाजविल्या तरी या चाली ओळखू येतात व रंजक वाटतात. मींड, मुरकी, आवाजाचा लगाव या गोष्टी गायकाने भराव्यात म्हणून जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. याउलट भास्करबुवा बखल्यांनी १९१६ मध्ये स्वयंवर नाटकाला दिलेल्या चाली मुळातच गळ्यातून निघालेल्या आहेत. त्यांचा विस्तार ख्यालासारखा आहे व गायकी काढून घेतल्यास त्यांचा बराचसा अर्थ हरपतो. नाट्यसंगीताच्या अभ्यासात या दोन नाटकांची तुलना अनेकदा होते आणि ती बहुधा ठुमरी अंग विरुद्ध ख्याल अंग अशी मांडली जाते. वाद्यावर सुचलेली चाल व कंठात सुचलेली चाल अशीही ती मांडता येईल व त्या मांडणीने अधिक उलगडा होतो. रागाच्या सखोलतेत स्वयंवर सरस आहे. मात्र सामान्य श्रोत्याच्या कानाला रागसंगीताचे वळण लावण्याच्या कामी मानापमानाने जे साधले, त्याशिवाय पाच वर्षांनी आलेल्या स्वयंवराला तयार श्रोता मिळणे कठीण होते.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. या मंडळीतून टेंबे लवकरच वेगळे झाले आणि १९१५ मध्ये त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था काढली. संस्थाचालक, नट व संगीतकार अशा तिहेरी जबाबदाऱ्या त्यांनी अंगावर घेतल्या. पटवर्धन व वरवंचना ही नाटकेही त्यांनी लिहिली. तथापि नाटक कंपनी चालविण्यास लागणारी व्यवहारदृष्टी आणि नायकाच्या भूमिकेला लागणारे गळ्याचे सामर्थ्य या दोन्ही बाबतींत त्यांचे यश त्यांच्या स्वररचनेच्या यशाइतके नव्हते. गंधर्व मंडळी सोडल्यामुळे आपल्या चालींना मिळालेला सर्वश्रेष्ठ कंठ त्यांना दुरावला. दुसऱ्यांच्या गळ्यातून आपले संगीत प्रकट करण्याच्या मार्गात हा धोका असतोच : गळा दुरावला की संगीतकार पुन्हा आपल्या वाद्यापाशी येऊन थांबतो.

चित्रपट व संगीतिका : कोल्हापूर येथे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने अयोध्येचा राजा (१९३२) हा पहिला मराठी बोलपट काढला. त्याचे संगीत टेंब्यांनी दिले व हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. त्याच कंपनीच्या मायामच्छिंद्र (१९३२) या बोलपटातही त्यांनी मच्छिंद्राची भूमिका केली व त्याचे संगीतही दिले. पार्श्वगायनाची सोय नसलेल्या त्या काळात गाणे, वादन व अभिनय यांचे मुद्रण एकाच वेळी होई. गाणे लहान असावे, चाल पहिल्या ऐकण्यात मनात ठसावी आणि थोड्या वाद्यांत ती उभी राहावी, या बोलपटाच्या गरजा होत्या. पट्ट्यांवर चाल बांधण्याची टेंब्यांची सवय या माध्यमाला अनुकूल ठरली. रंगभूमीवरील पद समेवर येऊन पुनःपुन्हा विस्तारत जाई. बोलपटात तसा विस्तार शक्य नव्हता. नाट्यपदाकडून चित्रपटगीताकडे होणाऱ्या संक्रमणाचे टेंब्यांचे संगीत हे एक महत्त्वाचे टप्पेस्थान आहे. यांशिवाय महाश्वेता, जयदेव यांसारख्या संगीतिका त्यांनी रचल्या. गद्य संवाद व पद यांची आळीपाळी टाळून कथानक सलगपणे संगीतातून नेण्याचा हा प्रयत्न होता. मराठीत संगीतिकेला स्थिर परंपरा लाभली नाही. तरीही सुट्या पदाच्या पलीकडे जाऊन दीर्घ सांगीतिक रचनेचा विचार करणारे संगीतकार म्हणून टेंब्यांचे वेगळेपण त्यांतून दिसून येते.

लेखन : माझा संगीत व्यासंग (१९३९) व माझा जीवनविहार (१९४८) ही टेंब्यांची पुस्तके, तसेच गायनाचार्य अल्लादियाखाँ यांचे चरित्र (१९५४) हा त्यांचा ग्रंथ, मराठी संगीतविषयक वाङ्‌मयात महत्त्वाचे मानले जातात. मैफलीतील गाणे शब्दांत पकडणे अतिशय कठीण असते. ‘बहारदार’, ‘रसाळ’ अशा विशेषणांपलीकडे जुने संगीतसमीक्षण क्वचितच जाई. टेंबे मात्र गायकाचा आवाज, त्याची रागमांडणी, लयीशी त्याचे नाते, त्याचा स्वभाव यांचा वेगवेगळा विचार करतात व मग त्यांची सांगड घालतात. साथीदाराच्या जागेवरून, गायकाच्या हातभर अंतरावर बसून केलेल्या श्रवणाचा हा लाभ आहे. अल्लादियाखाँच्या चरित्रात ज्या गायकीचा निम्मा भाग पेटीला वर्ज्य होता, तिचे स्वरूप लेखणीने नोंदवून ठेवण्याचा प्रयत्न आहे. गुरुभक्तीमुळे या लेखनात काही ठिकाणी चिकित्सेपेक्षा गौरवाचा सूर प्रभावी होतो, ही त्याची मर्यादा म्हणावी लागेल. असे असले तरी लिखित साधने अत्यल्प असलेल्या या परंपरेत त्यांच्या साक्षीचे मोल कमी होत नाही.

पेटीविषयीचा वाद : टेंब्यांची कारकीर्द चालू असतानाच त्यांचे वाद्य मोठ्या वादाचा विषय झाले होते. या वादातील एक प्रवाह वाद्य सुधारण्याचा होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपले संशोधन १९१० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने त्या स्वरस्थानांनुसार ‘श्रुति-हार्मोनियम’ तयार करविली. बडोदे येथे १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची चर्चा होऊन विष्णु नारायण भातखंडे प्रभृतींनी तिच्यावर आक्षेप घेतले. तिच्यामुळे पहिली मर्यादा, म्हणजे स्वरस्थानांची, सुटण्याची शक्यता होती. दुसरी मर्यादा, म्हणजे मींडेची, होती तशीच राहिली. हे वाद्य प्रचारात आले नाही, याचे एक कारण वाजविण्याची अडचण हे असले, तरी त्याने मुख्य प्रश्नाला हात घातला नव्हता, हे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रवाह वाद्य हद्दपार करण्याचा होता. आनंद कुमारस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच हार्मोनियमवर कठोर टीका केली होती. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. नभोवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीतविभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्झ (१८८०–१९३९) या इंग्रज संगीतकारांनी तिच्याविरुद्ध लेखन केले आणि मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. ही बंदी १९७० नंतर टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. टेंबे १९५५ मध्ये निवर्तले तेव्हा ती पूर्णपणे अंमलात होती. ज्या वाद्यावर त्यांनी रागविचार केला, चाली बांधल्या, गायक ऐकण्याची दृष्टी मिळविली, ते वाद्य देशाच्या अधिकृत प्रसारणात अग्राह्य ठरलेले त्यांना आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे पाहावे लागले. बंदीच्या समर्थकांचा शास्त्रीय मुद्दा चुकीचा नव्हता. मींडेचा अभाव ही वस्तुस्थिती आहे. परंतु वाद्याच्या दोषावरून वादकाच्या संगीताचा निकाल लावता येत नाही, ही गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नाही. पेटीला जे वर्ज्य आहे ते काय, हे जाणणाऱ्या वादकाच्या हाती ती मर्यादित पण प्रामाणिक साधन ठरते; न जाणणाऱ्याच्या हाती ती गायकाचा स्वर झाकून टाकते. बंदीने या दोघांना एकाच मापाने मोजले.

वारसा : टेंब्यांच्या नंतर महाराष्ट्र, गोवा व बेळगाव या परिसरात हार्मोनियमवादनाची समृद्ध परंपरा निर्माण झाली. पी. मधुकर यांनी स्वतंत्र वादनात नाव मिळविले. आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांनी ख्यालगायनाच्या साथीत संयमाचा आदर्श घालून दिला. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांनी नाट्यसंगीताच्या साथीत व स्वतंत्र वादनात सारखेच प्रभुत्व मिळविले. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना २०१६ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. बेळगावच्या रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी अनेक शिष्य तयार केले. विदर्भात नागपूरचे मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) यांनी वाद्याच्या रचनेत फेरफार करून त्याला ‘संवादिनी’ हे नाव दिले आणि केवळ एकल वादनाला आपली कारकीर्द वाहिली. संवादिनी हे नाव पुढे मराठीत हार्मोनियमचा पर्याय म्हणून सर्वत्र रूढ झाले. या सर्व वादकांच्या शैली भिन्न आहेत व त्या सर्वांचे मूळ टेंब्यांपाशी नेणे युक्त होणार नाही. पेटीवर स्वतंत्रपणे राग मांडणे ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, ही भूमिका मात्र त्यांच्यापूर्वीच सिद्ध झालेली होती आणि ती सिद्ध करणाऱ्यांत टेंबे अग्रभागी होते. आज यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड, ढाणकी यांसारख्या वऱ्हाडी गावांपासून कोकणातील वाड्यांपर्यंत भजन-कीर्तनाच्या बैठकीत पेटी इतकी घरची झाली आहे की, ती परकी होती हे सांगूनही पटू नये. तिच्या या स्वीकारात संगीत रंगभूमीच्या गावोगावच्या दौऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

मूल्यमापन : टेंब्यांच्या कार्याचा आढावा घेताना वादक, संगीतकार, नट, नाटककार, लेखक अशी त्यांची विभागणी करण्याचा प्रघात आहे. अशा विभागणीत प्रत्येक क्षेत्रात त्यांच्याहून श्रेष्ठ असा कोणी ना कोणी दाखविता येतो. रागाच्या अधिकाराने भास्करबुवा त्यांच्या पुढे होते, रंगभूमीवरील गायनात बालगंधर्व, आणि पेटीच्या तंत्रात नंतरचे काही वादक त्यांच्या पुढे गेले असणे शक्य आहे. परंतु ही सर्व क्षेत्रे एकाच प्रश्नाने बांधलेली आहेत, हे लक्षात घेतल्यास त्यांचे स्थान वेगळे ठरते. वाद्याची मर्यादा नाकारून त्यांनी पेटीचा खोटा अभिमान बाळगला नाही आणि त्या मर्यादेला भिऊन ते वाद्यापासून दूरही गेले नाहीत. पट्ट्यांवर जे उतरते ते त्यांनी वादनात आणले. जे उतरत नाही ते गायकांच्या स्वाधीन केले. आणि जे त्या दोन्ही मार्गांनी हाती लागत नव्हते ते लिहून ठेवले. त्यांच्या वादनात प्रतिभेपेक्षा विवेकाचा भाग अधिक होता असे कोणी म्हणेल, तर ते अमान्य करण्याचे कारण नाही. परक्या वाद्याला परंपरेत स्थान मिळवून देण्यासाठी प्रथम विवेकाचीच आवश्यकता असते. कंठसंगीताला सर्वस्व मानणाऱ्या परंपरेत, कंठाचे अनुकरण पूर्णपणे करू न शकणाऱ्या वाद्याच्या साहाय्याने टेंब्यांनी कंठसंगीताविषयीची मराठी समाजाची जाण वाढविली, हे त्यांच्या कारकीर्दीचे खरे फलित होय.